बारशाला जेवलेले

ड्रॅगनलान्स हे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अमेरिकन खेळातले एक जुने कल्पित विश्व आहे, आणि जुना चाहता हा त्या विश्वातला सर्वांत दीर्घायुषी प्राणी आहे. ड्रॅगन खजिन्यावर बसून राहतो, कोणी चोरायला आला की फुत्कारतो. चाहताही खजिन्यावर बसून राहतो, पण कोणी त्यात भर घालायला आला तरी फुत्कारतो. ६ डिसेंबर २०२२ रोजी ‘शॅडो ऑफ द ड्रॅगन क्वीन’ ही या विश्वातली नवी मोहीम पुस्तकरूपाने आली, आणि या प्राण्याच्या सवयी जवळून पाहण्याची संधी बऱ्याच वर्षांनी मिळाली.

खेळ मुळात साधा आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक ‘डंजन मास्टर’ होऊन जग रंगवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि तलवार लागली की हुकली हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली तो बाजारात आणला. पुढे विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा गावच्या टीएसआर या कंपनीत ट्रेसी हिकमन यांना नोकरी लागली. युटाहून तिकडे गाडीने जाताना त्यांनी आणि पत्नी लॉरा यांनी वाटेत ड्रॅगनांच्या युद्धाची एक गोष्ट रचायला घेतली. लांबच्या प्रवासात इतर दांपत्ये ज्या गोष्टींवरून भांडतात, त्या सोडून या दोघांनी क्रिन नावाचे अख्खे जग उभे केले. १९८४ साली ‘ड्रॅगन्स ऑफ डिस्पेअर’ ही पहिली मोहीम छापली गेली. त्याच वर्षी मार्गारेट वाइस आणि ट्रेसी हिकमन यांची पहिली कादंबरी, ‘ड्रॅगन्स ऑफ ऑटम ट्वायलाइट’, आली.

मोहीम आणि कादंबरी अशी जुळी जन्मल्यामुळे चाहत्यांचे पहिल्या दिवसापासून दोन गट पडले. एकाने क्रिनमध्ये फासे टाकले होते, दुसऱ्याने क्रिन वाचले होते. पहिल्याला वाटते की दुसरा नुसताच प्रेक्षक. दुसऱ्याला वाटते की पहिल्याला गोष्टीचा शेवट माहीत नव्हता, म्हणून तो खेळला. दोघांचे एकमत फक्त एका मुद्द्यावर होते: आम्ही क्रिनच्या बारशाला जेवलोय, आम्हांला शिकवू नका.

१९८४ साली जेवणाची तारीफ मात्र फारशी झाली नव्हती, याची नोंद इथे करणे आवश्यक आहे. त्या काळच्या मोहिमांत खेळाडूंनी शक्यतो कादंबरीतलीच पात्रे घ्यावीत अशी योजना होती. टॅनिस, स्टर्म, खोकत खोकत जादू करणारा रेस्टलिन, सगळे तयार. गोष्ट पुढे कुठे जाणार हेही बरेचसे ठरलेले. त्यात एक अजब नियम होता. महत्त्वाचे पात्र मेले, तर मरण शक्यतो अंधुक ठेवावे. देह दरीत पडावा, पुरात वाहून जावा, कोणाच्या हाती लागू नये, म्हणजे पुढच्या भागात त्याला सुखरूप परत आणता येते. मराठी मालिकांच्या प्रेक्षकाला हे तंत्र समजावून सांगावे लागणार नाही. तेव्हाच्या खेळाडूंनी बोटे मोडली: हा खेळ आहे की रुळावरची आगगाडी? खिडकीतून बघायचे आणि स्टेशन आले की उतरायचे. तीच गाडी पुढे त्यांच्या तारुण्यातला सर्वांत रम्य प्रवास ठरली. तक्रार मुरायला साधारण वीस वर्षे लागतात. मग तिची आठवण होते.

मधल्या काळातल्या घडामोडी थोडक्यात आटोपता येतील, कारण प्रतिक्रिया एकच होती: फुत्कार. १९९६ साली टीएसआरने क्रिनच्या ‘फिफ्थ एज’ या नव्या युगासाठी फासेच काढून घेतले आणि हातात पत्ते दिले. ड्रॅगनशी लढायला निघालेल्या वीराला रमीचा डाव लावायला बसवल्यासारखे झाले. २००८ साली पहिल्या कादंबरीवर अ‍ॅनिमेशनपट आला. त्यात रेस्टलिनला किफर सदरलँडचा आवाज होता, आणि तो आवाजच त्यातला सर्वांत जिवंत भाग होता. लॉर्ड सॉथ हा शापित मृत-सरदार तर १९९१ च्या ‘नाइट ऑफ द ब्लॅक रोझ’ या कादंबरीत क्रिन सोडून रेव्हनलॉफ्ट या वेगळ्याच विश्वात गेला. सरकारी नोकराची गडचिरोलीला बदली व्हावी, तशी. काही वर्षांनी बदली रद्द होऊन सॉथ मूळ जागी रुजू झाला, पण सेवापुस्तिकेतल्या त्या नोंदीवरून चाहते अजूनही वाद घालतात.

दरम्यान मालक बदलत होते. १९९७ साली विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने टीएसआर विकत घेतली. १९९९ साली खेळण्यांच्या धंद्यातल्या हॅसब्रोने विझर्ड्स विकत घेतली. क्रिन ज्यांच्या डोक्यातून निघाले त्या लेखकांचा त्यावर कायद्याने हक्क नव्हता. नोकरीत असताना रचलेले जग कंपनीच्या दप्तरात जमा होते. ऑक्टोबर २०२० मध्ये वाइस आणि हिकमन यांनी विझर्ड्सवर दावा ठोकला: नव्या तीन कादंबऱ्यांचा करार कंपनीने मध्येच मोडला, एक कोटी डॉलर भरपाई द्या. डिसेंबरात त्यांनी तो दावा मागे घेतला आणि कादंबऱ्यांचे काम पुन्हा सुरू झाले. या दोन महिन्यांत चाहत्यांनी करारातली कलमे ज्या अधिकाराने वाचली, तो अधिकार त्यांना कोणी दिला हे कोणी विचारले नाही. कंपनीने करार मोडला की नाही, एवढाच प्रश्न न्यायालयापुढे होता. क्रिन आपलेच आहे याविषयी चाहत्यांच्या मनात शंका नसल्यामुळे, ते दाव्यात पक्षकार झाले नाहीत.

ही मालकीची भावना नेमकी कशी असते, हे समजून घ्यायला क्रिनमधल्याच एका जमातीकडे वळावे लागते. तिचे नाव केंडर. केंडर उंचीने लहान मुलाएवढा असतो, डोक्यावर शेंडी बांधतो, आणि भीती म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसते. त्याचा हात सतत दुसऱ्याच्या खिशात असतो. पण तो चोर नसतो. चोराला कळते की वस्तू दुसऱ्याची आहे. केंडरला ते कळतच नाही. वस्तू त्याच्या थैलीत येते, आणि विचारले तर तो मनापासून सांगतो: तुमच्या खिशातून पडत होती, म्हणून जपून ठेवली. किंवा: तुम्हांला नको होती असे वाटले. किंवा: अरे, ही तुमची? अगदी माझ्या मामाच्या अंगठीसारखी दिसते. कादंबऱ्यांतला टॅसलहॉफ हा केंडर लाखो वाचकांचा लाडका झाला. पुस्तकात दुसऱ्याचे खिसे कापले जातात, तेव्हा फार गंमत वाटते.

टेबलावर वाटत नाही. ज्या खेळाडूला मुळातच खोड्या काढायच्या असतात, तो हटकून केंडर घेतो आणि सोबत्यांच्या जादुई अंगठ्या एकेक करून लांबवतो. कोणी चिडले तर त्याचे उत्तर तयार असते: मी काय करू, माझे पात्रच तसे आहे. ज्याचा पंधरा आठवडे जपलेला मंतरलेला खंजीर गेला, तो फासा टाकायचे सोडून फेकून मारण्याच्या तयारीत असतो. अशा भांडणांतून टोळकी फुटली, मैत्र्या आंबल्या. कित्येक डंजन मास्टरांनी सरळ नियम केला: आमच्या टेबलावर केंडर चालणार नाही. जवळजवळ चार दशके ही जमात खेळातली सर्वांत शिव्या खाणारी जमात होती.

मार्च २०२२ मध्ये विझर्ड्सने नव्या मोहिमेआधी काही नियमांचा मसुदा चाचणीसाठी खुला केला. त्यात केंडरची ही जुनी डोकेदुखी मिटवली होती. नव्या केंडरने थैलीत हात घालायचा आणि जादूने तिच्यातून एखादी उपयोगी वस्तू बाहेर काढायची. वस्तू कोणाचीच नाही, खिसा कोणाचा कापला नाही, भांडण नाही. हिशेब चोख होता. थैलीची गंमत राहिली, चोरी गेली.

आणि भडका उडाला. ज्यांनी केंडरला टेबलावर बंदी घातली होती, तेच त्याच्या अब्रूसाठी आघाडीवर आले. केंडरकडे जादू कुठून आली? थैलीतल्या वस्तू आकाशातून पडत नाहीत, त्या दुसऱ्यांच्या खिशातून येतात, हाच तर त्या जमातीचा आत्मा आहे! चार दशके जो सर्वांचे ‘कार्टे’ होता, कंपनीने त्याला हात लावताच तो एका रात्रीत ‘बाब्या’ झाला. चोरी हा केंडरचा दोष होता तोवर कोणाला सहन होत नव्हता. ती त्याची परंपरा आहे असे म्हटल्यावर तिचे रक्षण करणे भाग पडले.

एप्रिलमध्ये सुधारित मसुदा आला. जादूची थैली गेली आणि समोरच्याला टोमणे मारून त्याचे भान घालवण्याची केंडरांची जुनी विद्या परत आली. चाहत्यांनी हा विजय साजरा केला. टोमणे मारण्याचे प्रात्यक्षिक दोन्ही बाजूंनी आधीच महिनाभर चालू होते, त्यामुळे हा नियम चाचणीत उतरला यात नवल नव्हते. पण सुधारित केंडरही आता कोणाच्या खिशात हात घालत नव्हता. चोरी दोन्ही मसुद्यांत नव्हती. पहिल्यात ती नाहीशी झाल्याचे दिसत होते, दुसऱ्यात दिसत नव्हते, आणि या सबंध प्रकरणात आक्षेप कशाला होता याचा खुलासा यापेक्षा सोप्या शब्दांत करता येत नाही.

मग पुस्तक आले. २२४ पाने, पात्रांना पहिल्या पायरीपासून अकराव्या पायरीपर्यंत नेणारी मोहीम. व्होगलर नावाच्या मच्छीमारांच्या खेड्यात एका जुन्या साहसवीराच्या अंत्यविधीला पात्रे जमतात, आणि तेवढ्यात ड्रॅगन राणी टाखिसिसची लाल फौज चालून येते. लढा कॅलमन शहराकडे सरकतो. पुढे हवेत तरंगणारा किल्ला आहे, लॉर्ड सॉथ आहे, हरवलेल्या नावांचे उद्ध्वस्त नगर आहे. एका सरळ युद्धकथेला हवे ते सगळे आहे.

जुना चाहता पुस्तक घेतो तेव्हा आधी वास घेतो. मग मागच्या बाजूने चाळतो, कारण पुढून वाचणारे नवशिके असतात. बोट नकाशावरून फिरते आणि सोलेस शोधते. सोलेसमधल्या प्रचंड वृक्षांवर बांधलेल्या खानावळीत कादंबरीचे मित्र भेटले होते, ओटिकचे मसालेदार बटाटे तिथेच मिळत. मोहीम तिकडे जातच नाही. टॅनिस नाही, रेस्टलिन नाही, बटाटेही नाहीत. पुस्तक मिटते, आणि सोबत्याच्या दिशेने एक लांब श्वास सोडला जातो. हा श्वास म्हणजे पहिले परीक्षण. त्यानंतर जे छापले जाते ते त्याचे स्पष्टीकरण असते.

स्पष्टीकरणे बहुधा अशी होती. कादंबरीतले वीर नाहीत. (१९८४ साली तक्रार होती की वीर जबरदस्तीने गळ्यात मारले आहेत.) मोहीम अ‍ॅन्सलॉन खंडाच्या एका कोपऱ्यातच रेंगाळते, बाकी जगाची माहिती त्रोटक आहे. ही तक्रार रास्त होती. ज्याने क्रिन कधी पाहिले नाही त्याला या पुस्तकातून एका जिल्ह्याचे गॅझेटियर मिळते, देशाचे नाही. पण तिला जोडूनच दुसरी तक्रार यायची: कॅलमन हे काय गाव निवडले, नाव तरी कोणी ऐकले आहे का? बारशाला जेवलेल्यांनी हे म्हणावे याची गंमत अशी की कॅलमन तिसऱ्या कादंबरीत, १९८५ च्या ‘ड्रॅगन्स ऑफ स्प्रिंग डॉनिंग’ मध्ये, ठळकपणे येते. सेनापती लॉरानाची विजयी फौज तिथेच पोहोचते.

लॉरानाचे नाव इथे आणखी एका कारणाने घ्यावे लागते. नव्या मोहिमेत सोलॅम्नियाच्या सरदारांपैकी बेकलिन ही स्त्री आहे. काहींना ते खटकले. हे आधुनिक लोकांचे चोचले, असे त्यांचे म्हणणे. सरदारांच्या त्या पंथाच्या सैन्याची सेनापती म्हणून १९८५ साली जिला नेमले होते ती लॉराना एल्फ राजकन्या होती, आणि राजकन्या बहुधा स्त्रियाच असतात. मुद्दा निदर्शनास आणल्यावर उत्तर आले की लॉराना अपवाद होती. जुन्या चाहत्याला अपवाद चालतात. मात्र तो स्वतः वयाच्या पंधराव्या वर्षी वाचलेला असावा लागतो.

सर्वांत खोल जखम देवांनी केली. क्रिनची सगळी गोष्ट उभीच आहे ती देव निघून गेल्यावर. महाप्रलयानंतर साडेतीनशे वर्षे देव कोणाशी बोललेले नाहीत, कोणा पुजाऱ्याच्या हाताने जखम भरलेली नाही. १९८४ च्या मोहिमेत त्यांना परत आणण्यासाठी खेळाडूंना झॅक सॅरॉथच्या बुडालेल्या शहरापर्यंत दलदल तुडवत जावे लागे. तिथे काळ्या ड्रॅगनशी गाठ पडे. वाचलेच, तर मिशाकल देवीच्या चकत्या हाती लागत आणि मग कुठे पहिला पुजारी पुजारी होई. नव्या मोहिमेत एखाद्याने पुजाऱ्याचे पात्र घेतले, तर मुख्य गोष्टीआधीच्या छोट्या प्रसंगात देव स्वतःच त्याच्यापर्यंत पोहोचतो. आम्ही चिखल तुडवला आणि यांना देव घरपोच! पाण्यासाठी चार मैल चाललेल्या आजोबांना नळ पाहून जे वाटते, ते इथे पुरेपूर भरलेले होते. नियमांच्या दृष्टीने त्यात अवघड काही नव्हते. आज आठवड्यातून एकदा तीन तास खेळणाऱ्या मुलाला, तुझे पात्र सहा महिन्यांनी उपयोगी पडेल, असे सांगता येत नाही. पण आजोबा ऐकत नाहीत, आणि खरे म्हणजे चिखलाची गोष्ट नळाच्या गोष्टीपेक्षा चांगलीच असते.

सोबत ‘वॉरियर्स ऑफ क्रिन’ हा वेगळा बोर्ड गेम होता. मोहिमेतली मोठी युद्धे टेबलावर सोंगट्या मांडून लढायची, अशी सोय. तो नसला तरी मोहीम चालत होती. त्यामुळे न घेणाऱ्यांनी विचारले, मग हा कशाला? घेणाऱ्यांनी विचारले, मग आम्ही पैसे कशाला भरले? दोघांचे पुन्हा एकदा एकमत झाले. क्रिनला तीन चंद्र आहेत. त्यांतला काळा चंद्र फक्त काळ्या झग्याच्या जादूगारांना दिसतो. मोहिमेतले दोषही याच तत्त्वावर दिसत होते.

या सगळ्यात ज्यांनी मोहीम खेळली त्यांचे काय झाले, याची साधने तुटपुंजी आहेत, कारण खेळणारे खेळत होते. त्यांतल्या अनेकांचा जन्म पहिल्या कादंबरीनंतरचा. ड्रॅगन राणीच्या फौजेतला ड्रॅकोनियन मेला की त्याचा दगड होतो आणि त्यात आपली तलवार अडकते, हे कळल्यावर कोणीतरी टेबलावर हात आपटून ओरडते. १९८४ सालीही नेमके त्याच जागी कोणीतरी ओरडले होते. ड्रॅकोनियन तोच होता. अशा आनंदाची लेखी नोंद कोणी करत नाही. त्यात मतभेदाला जागा नसते.

जानेवारी २०२३ मध्ये चाहत्यांना एकत्र येण्याचे कारण मिळाले. २००० सालापासून चालत आलेला खुला परवाना, ज्याच्या आधारे इतर प्रकाशक या खेळासाठी साहित्य छापत, तो बदलण्याचा विझर्ड्सचा मसुदा बाहेर फुटला. केंडरवरून एकमेकांचे तोंड न पाहणारे लोक खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि कंपनीच्या डिजिटल सेवेची वर्गणी रद्द करू लागले. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि खेळाचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सर्वांसाठी खुले केले. कायद्याने, कायमचे, कोणाच्याही थैलीत. क्रिन त्यात नव्हते. त्याची चौकशी ताबडतोब सुरू झाली.

वाइस आणि हिकमन यांच्या तीन कादंबऱ्या मात्र ठरल्याप्रमाणे आल्या: ऑगस्ट २०२२ मध्ये पहिली, मग २०२३ आणि २०२४ मध्ये उरलेल्या दोन. क्रिनचा इतिहास पवित्र आहे, त्याला कोणी हात लावू नये, असे मानणाऱ्यांनी त्या रांग लावून घेतल्या. त्यांची नायिका डेस्टिना हिला युद्धात मेलेल्या वडिलांना वाचवायचे असते, म्हणून ती भूतकाळात जाऊन क्रिनचा इतिहासच बदलायला निघते. त्यासाठी लागणारे कालप्रवासाचे यंत्र शेवटचे कोणाकडे होते याचा ती शोध घेते. ते टॅसलहॉफकडे असते.